परतमावशी

एकवीस मे, दुपार. पाकिटं सील करते आहे. पाव किलो आमसुलं तोलायची, पिशवीत भरायची, तोंड यंत्रात धरायचं, पायाने दाबायचं; प्लास्टिक जळल्याचा बारीक वास आला की पुढची पिशवी घ्यायची. सकाळपासून चाळीस झाली, अजून दुप्पट शिल्लक आहेत. समोर शेवंती बसून तोलते आहे. एरवी तिची जीभ हातापेक्षा जास्त चालते. आज सकाळपासून तिने तोंड उघडलेलं नाही. कारण तिलाही माहीत आहे आणि मलाही. या आमसुलांना पाचच पुटं झाली आहेत.

ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून साल वेगळी काढतात. आतला गर मिठात घातला की रस सुटतो, ते आगळ. साल रात्रभर आगळात भिजवायची आणि दिवसभर कडक उन्हात वाळवायची, हे एक पुट. अशी सात पुटं झाली की साल काळी आणि मऊ होते, वर्षभर टिकते. मग तिला आमसूल म्हणायचं; जुन्या बायका सोलं म्हणतात. यंदा मध्येच ढग येऊन बसले आणि दिवस वाया गेले. पुण्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो परवा येणार आहे. त्याला अडचण सांगितली तर तो फोनवर हसला. "ताई, पाच पुष्कळ झाली हो. वरून जरा रंगाचा हात फिरवा. इथे ओळखतंय कोण?" रंग मी लावला नाही. पण पाकिटं भरते आहे. मोठं गिऱ्हाईक म्हणाल तर माझ्याकडे हा एकच. तो तुटला तर पावसाळ्यात शेवंतीला आणि आणखी दोघींना देण्यासारखं काम माझ्याकडे नाही.

त्यात आमच्या बचत गटाच्या वार्षिक अंकाला लेख हवा आहे. विषय, 'उद्योजिकेची प्रेरणा'. उद्यापर्यंत द्यायचा आहे. म्हणून यंत्र बंद केलं आणि वही घेतली. प्रेरणा हा शब्द ऐकून जी फिस्सकन हसली असती, तिच्याविषयीच लिहिते.

तिला गावात सगळे परतमावशी म्हणत. म्हणजे तिच्या पाठीमागे म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. गुहागरहून हेदवीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कातळावर तिची पत्र्याची शेड होती. तिथे ती आमसुलं आणि आगळ करायची. माल तयार झाला की ती त्यातलं एक आमसूल उचलायची. अंगठा आणि बोटात दाबून बघायची, चिकटतंय का, मोडतंय का. मग तोंडात टाकायची आणि गप्प राहायची. आम्ही सहा-सात बायका कामं थांबवून तिच्या गालाकडे बघत उभ्या. आमसूल या गालातून त्या गालात जायचं. मग ती ते हातावर काढून बघायची आणि म्हणायची, "परत."

बस. ओरडणं नाही, कारण नाही. परत म्हणजे सगळा माल पुन्हा आगळात. एखादी कुरकुरली, "मावशी, काय वाईट हाय यात?" तर उत्तर ठरलेलं. "वाईट काय नाय गो. झालेलं नाय."

मी तिच्याकडे गेले तेव्हा पस्तिशीची होते. रत्नागिरीत वाढलेली, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन या गावात आले. ज्या पतपेढीत नोकरी करत होते तिला टाळं लागलं, म्हणून हिच्या दारात उभी राहिले. मला वाटलं, लिहिण्याचं काम मिळेल. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रातांब्यांची पाटी पुढे सरकवली. "बारा दिवस फोड. मग लिहिण्याचं बघू." बारा दिवसांनी माझी नखं जांभळी झाली होती आणि बोटांच्या चिरांत मीठ गेलं होतं. तेराव्या दिवशी तिने वही दिली. रातांबे फोडणं मात्र सुटलं नाही.

तिने हा धंदा चाळिशीत काढला. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून दोन महिने घरी. पैसे तो पाठवायचा. त्यामुळे वाडीतल्या बायकांना ते कोडंच होतं. "नवरा कमावतोय, तुला कसली गो हौस?" ती म्हणायची, "हौस नाय. दुपार जात नाय." पहिल्या वर्षी मीठ जास्त झालं आणि आमसुलांवर पांढरा थर आला. दुसऱ्या वर्षी आगळ पत्र्याच्या पिंपात ठेवलं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कोकम पत्रा खातं. पण प्लास्टिकची पिंपं कमी पडली आणि हिने ठरवलं, चार दिवस तर ठेवायचंय. चार दिवसांत आगळ शाईसारखं झालं. ते तिने भरदिवसा, वाडीच्या डोळ्यांदेखत कातळावर ओतलं. "रात्री ओतलं असतं तर लोकांनी सकाळी विचारलंच असतं," असं मला सांगायची. "त्यापेक्षा बघूनच घ्या म्हटलं." कातळावरचा तो डाग कितीतरी वर्षं होता. नवी बाई कामाला आली की ती तिला आधी तो डाग दाखवायची. चुलीजवळ नंतर न्यायची.

तालुक्याला एकदा उद्योजक शिबिर होतं. गटाला जावंच लागलं. पुण्याहून आलेले एक साहेब माइकवर म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. पाच वर्षांनी तुमचा उद्योग कुठे असेल, ते चित्र डोळ्यांसमोर आणा." सगळ्या बायकांनी डोळे मिटले. मीही मिटले. कुशीत कोपर बसलं. मावशी उठून चपला शोधत होती. साहेब म्हणाले, "काय झालं मावशी, चित्र दिसत नाही का?" ती म्हणाली, "दिसतंय तर. आभाळ भरून आलंय नि माझी सोलं उघडी हायत." सगळा हॉल हसला. साहेबही हसले. लोकांनी हसावं म्हणून तिने ते सांगितलं नव्हतं. आम्ही खरंच मिळेल त्या रिक्षाने परत आलो आणि ताडपत्री ओढली. तेवढ्यात टपोरे थेंब आले. त्यानंतर शिबिराचं पत्र आलं की ती विचारायची, "डोळे उघडे ठेवून बसता येतं काय तिथे? मग जाऊ."

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मी तिच्याकडे लागून दुसरं वर्ष. ती नणंदेकडे केळशीला लग्नाला गेली होती, आठ दिवसांसाठी शेड माझ्याकडे. रत्नागिरीच्या दुकानांचे फोनवर फोन. माल पाचव्या पुटावर होता. हात लावला तर सुका, दिसायला काळा. मी पदवीधर बाई. मी हिशेब केला की शेवटच्या दोन पुटांनी असा काय फरक पडणार? पाकिटं भरली, लेबलं माझ्या अक्षरात लिहिली, गाडीत चढवली. मावशी आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सगळा माल गेला." तिने वाळवणाच्या रिकाम्या जाळ्या बघितल्या. तोंडात टाकायला एक आमसूलही उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बरं."

महिन्याभरात पाऊस पुरता लागला आणि पाकिटांत बुरशी धरली. सगळ्यांत नाही, काहींत. पहिला फोन एका दुकानदाराचा आला, तोही तक्रारीचा नव्हे. सहज बोलता बोलता तो बोलून गेला. मावशीने फोन ठेवला, दोन गोणपाटं घेतली आणि मला म्हणाली, "चल." आम्ही एस. टी.ने रत्नागिरीला गेलो. पाऊस कोसळत होता आणि ही बाई एकेका दुकानात शिरून म्हणत होती, "आमची पाकिटं काढा." एक दुकानदार चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मावशी, राहू दे ना. ही बघ, ही चांगली आहेत. लोक घेतायत."

"लोक घेतायत म्हणूनच न्यायला आलंय," ती म्हणाली. "कोण घेत नसतं तर कशाला आले असते भिजत?"

शेवटच्या दुकानात तिने मला पुढे केलं. "तू सांग." मी म्हटलं, काय सांगू? "जे केलंस ते." मी सांगितलं. गोणी डोक्यावर घेऊन स्टँडवर आलो तेव्हा मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून मी येत नाही. तुम्हाला माझ्यामुळे..."

"असं कसं?" ती माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटची ओरडली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "घाण करून ठेवायची नि घरी बसायचं? तू केलंस ना? मग तूच परत करायचंस!"

बुरशीचा माल खड्ड्यात गेला. उरलेला मी आगळात घालून चुलीवरच्या माळ्यावर वाळवला. पावसाळ्यात दुसरा उपाय नव्हता. त्याला धुराचा वास लागला, म्हणून तो विकायचा नाही, असं तिने सांगितलं; घरोघरी वाटला. एक बुरशी धरलेलं पाकीट मात्र तिने टाकलं नाही. माझ्या टेबलाच्या वर खिळा ठोकला आणि ते तिथे टांगलं, माझं अक्षर पुढे येईल असं. कोणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं की ती सांगायची, "ते आमच्या सुषमाचं सर्टिफिकेट." मी पंधरा वर्षं त्या पाकिटाखाली बसून काम केलं. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली. पुढे पुढे तर नव्या बायकांना मीच ते दाखवायला लागले.

वादळ आलं तेव्हा मेचा मध्य होता आणि माल चौथ्या पुटावर होता. शेडचे सगळे पत्रे उडाले. जाळ्या दरीत गेल्या, पिंपं लोळली, आगळात पावसाचं पाणी शिरलं. मुंबईहून तिचा मुलगा गणेश आला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. त्याने उघड्या शेडमध्ये उभं राहून सांगितलं, "आई, पुरे आता. डोंबिवलीला चल. तुझं वय बघ." ती खाली वाकून जमिनीवरून काहीतरी उचलत होती. तो म्हणाला, "आई, ऐकतेस ना?"

"ऐकतंय. तो खांब धर जरा, वाकलाय."

त्याने खांब धरला. पुढचे चार दिवस तो खांबच धरत होता आणि पाचव्या दिवशी रजा संपली म्हणून गेला.

मावशी पत्रे शोधायला निघाली, मी बरोबर. आमचे पत्रे ओळखू यायचे. त्यांच्या कडांवर तांबडा रंग होता. दोन पत्रे शेजारच्या काजूच्या बागेत मिळाले, एक विहिरीत. तीन पत्रे खालच्या वाडीतल्या एका माणसाने आपल्या गोठ्यावर घालूनही टाकले होते. आम्हाला बघून तो गोरामोरा झाला. मला वाटलं, आता ही याची चामडी सोलणार. ती गोठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहूदेत. गुरं भिजतील. पण तुजं अंगण मला पंधरा दिवस पायजे." तो म्हणाला, "घे की मावशी."

तिथून तिला युक्ती सुचली. शेड नाही तर नाही. ती घराघरांत जाऊन अंगण मागत फिरली. कोणाचं अंगण, कोणाची गच्ची, देवळामागचा कातळ. झाडाखाली पडलेल्या रातांब्यांतले पिकलेले वेचून आणले आणि अकरा ठिकाणी सालं वाळत घातली. दिवसभर छत्री टेकत एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायची. प्रत्येक ठिकाणी एक तोंडात, गप्प, आणि "परत". अंगणवाल्या बायका वैतागल्या. एक म्हणाली, "मावशे, अंगण माजं, राखण माजी, नि वर परत तूच म्हणणार?" मावशी म्हणाली, "मग तू म्हण. चाखून बघ नि खरं काय ते सांग." त्या बाईने आमसूल तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं. आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "परत." ती बाई म्हणजे शेवंती. दुसऱ्या वर्षापासून ती आमच्याकडे कामाला यायला लागली.

त्या वर्षी माल नेहमीच्या पावपट झाला. पण सात पुटांचा झाला.

मावशी थकली ती गेल्या वर्षी. रत्नागिरीच्या दवाखान्यात होती. मी माझ्या परसात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने थोडा माल केला होता, कारण गणेशने शेडची जागा विकायला काढली होती आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. नमुना घेऊन गेले. नर्सला सांगितलं, आमसूल आहे, औषधाच्या आड येत नाही. मावशीने दोन बोटांत दाबून बघितलं. बोटांत जोर नव्हता, पण दाबण्याची रीत तीच. तोंडात टाकलं. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी. या गालातून त्या गालात.

"सहाच दिलीस," ती म्हणाली.

"नाही मावशी, सात दिली."

"मग एक दिवस ऊन नव्हतं."

नव्हतं. चौथ्या पुटाला दुपारी ढग आले होते. मी म्हटलं, "हो. अर्धा दिवस."

"मग?"

"परत," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेच आमचं शेवटचं बोलणं. मार्गशीर्षात ती गेली. शेड रिकामी करताना गणेशने ते खिळ्यावरचं पाकीट कचऱ्यात टाकलं होतं. मी ते उचलून आणलं. आतलं आमसूल आता ओळखू येत नाही, अक्षर येतं. भिंतीवर लावलेलं नाही. कपाटात आहे, पासबुकांच्या खाली.

बचत गटाच्या अंकाला प्रेरणा हवी आहे. माझ्याकडे एवढीच आहे. तिने मला कधी शाबासकी दिली नाही, धीर दिला नाही, तू करशील म्हणून पाठ थोपटली नाही. मी केलेलं वाईट काम तिने माझ्याकडूनच नीट करून घेतलं आणि मला पळून जाऊ दिलं नाही. लेख इथे संपवते. पाच वाजत आले, शेवंती घरी निघाली. जाताना तिने दारात चपला घालत भरलेल्या पाकिटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येतंय," म्हणाली. दिवसभरातला हा तिचा पहिला शब्द.

बावीस मे, सकाळ. अंकाला लेख पाठवण्याआधी एवढं जोडते.

साडेसहाला व्यापाऱ्याला फोन केला. झोपेतून उठवलं. म्हटलं, "माल उद्या मिळणार नाही. दोन पुटं राहिलीत, ऊन मिळेल तशी देईन आणि मग कळवेन. रंग लावणार नाही. थांबायचं नसेल तर थांबू नका." तो म्हणाला, "ताई, मग मला दुसरीकडे बघावं लागेल." मी म्हटलं, "बघा. त्यांना पुटं किती दिली ते विचारून घ्या." त्याने फोन ठेवला. परत करेल की नाही, मला माहीत नाही. दुपारी रत्नागिरीच्या त्या चांगल्या दुकानदाराला विचारणार आहे. अकरा अंगणं मागता येतात तर अकरा दुकानंही मागता येतील.

कपाटातून पाकीट काढलं, सीलच्या यंत्राच्या वर भिंतीत खिळा ठोकून टांगलं. मग चाळीस पाकिटं पुढ्यात घेतली, आगळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कात्री शोधायला लागले. घरात एकच कात्री आणि ती वेळेला सापडेल तर ना. तेवढ्यात शेवंती आली. तिने पिंप बघितलं, खिळा बघितला, मला काही विचारलं नाही. खाली बसली आणि पिशवीतून एक कात्री काढून माझ्यापुढे ठेवली, दुसरी स्वतः घेतली.

दोन्ही ती घरूनच घेऊन आली होती.